अर्ध्या सुताचा प्रश्न

पावसाळा लागला की महाड-पोलादपूरकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "दार फुगलं हो!" मग सुताराला निरोप जातो. तो येतो, कडीच्या बाजूची कड रंध्याने तासतो, दार कसंबसं लागतं. पुढे एप्रिल-मे उजाडला की त्याच दाराच्या फटीतून बाहेरचा उजेड आत येऊ लागतो. दोष कोणाचा? पावसाचा! बिचारा पाऊस उलट बोलत नाही, म्हणून सगळं त्याच्या माथी.

लाकूड फुगतं हे खरंच आहे. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं, आणि आमच्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं. पण माझं मत असं की आपण फुगलेली म्हणतो त्यातली काही दारं मुळात फुगलेली नसतात. त्यांच्या बिजागरीची खाच जरुरीपेक्षा खोल गेलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. फुगलेलं दार कडीच्या बाजूला चौकटीला घासतं. खाच खोल गेलेलं दार बिजागरीच्या बाजूला आवळतं, आणि ढकलून लावलं तरी हात सोडल्यावर स्प्रिंगसारखं परत येतं. बिजागरीच्या बाजूच्या फटीत एक पोस्टकार्ड सरकवून पाहा. ते जात नसेल तर कडीच्या बाजूला कितीही तासलं तरी उपयोग नाही, उलट चांगलं लाकूड फुकट जातं. अशा वेळी पानाखाली पुठ्ठ्याची पट्टी घातली की दार सुतासारखं सरळ लागतं. जुन्या सुतारांना हा इलाज ठाऊक असतो.

वाचक विचारतील, मास्तर, तुम्ही मराठी शिकवणारे, तुम्हाला हे कोणी सांगितलं? तर मंडळी, आमचं घराणं सुतारकीचं. मी खडू हातात धरला एवढंच. पुतण्याने मात्र धंदा सांभाळला आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं, घराघरांतलं लाकूडसामान भिजून गेलं. नंतर दारं-कपाटांचं काम एवढं आलं की हाताने उरकेना, तेव्हा त्याच्या कारखान्यात राऊटर आला. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. आवाज असह्य होतो, पण शिकायला मिळतं.

सुताराचं माप म्हणजे सूत. एका इंचाची आठ सुतं, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण आमच्याकडे अजून "दोन फूट तीन इंच पाच सूत" असंच बोललं जातं. त्यात गैर काही नाही. आठाचे भाग निम्मे निम्मे करत डोळ्याला सहज दिसतात. पाव सूत म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या आसपास, तेही अनुभवी डोळ्याला दिसतं. अडचण येते ती त्याच्याही खाली उतरावं लागतं तेव्हा. बिजागरीचं पान अडीच मिलिमीटर जाड आहे असं धरू. दाराची खाच आणि चौकटीची खाच, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने जास्त गेल्या तर मधली फट पुरी एक मिलिमीटर कमी झाली. फट होती दोनची, उरली एकची. वर रंगाचे हात बसले की दार आवळलंच!

आणखी एक गणित. समजा दोन बिजागऱ्यांमधलं अंतर पाच फूट आणि दाराची रुंदी अडीच फूट. वरचीच बिजागरी एक मिलिमीटर कमी रुतली, तर कडीकडचा कोपरा अर्धा मिलिमीटर खाली येतो. म्हणून सगळ्या खाचा सारख्याच खोल हव्यात, एक कमी आणि एक जास्त चालत नाही.

आता राऊटरविषयी थोडं, कारण घरच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो पाहिलेला नसेल. खाली सपाट बैठक, तिच्यावर दोन खांब, खांबांवर स्प्रिंगने तोललेली मोटर. मोटरच्या टोकाला कापणारं बिट. दोन्ही मुठी धरून खाली दाबलं की फिरतं बिट लाकडात उतरतं, खटका आवळला की तिथेच थांबतं. असा वरून खाली उतरणारा राऊटर जर्मनीत एलू कंपनीने १९४९ साली बाजारात आणला. बिट किती खाली उतरावं हे ठरवायला बाजूला एक उभी दांडी असते, आणि तिच्याखाली लहान-मोठ्या पायऱ्यांची फिरती चकती. दांडी पायरीवर टेकली की मोटर त्याच्या खाली जात नाही.

दांडीजवळ मापाची पट्टी असते, पण बारीक कामाला तिच्यावर विसंबू नये. पुतण्या करतो ती रीत मला फार आवडली. आधी प्लग काढायचा. राऊटर कामाच्याच लाकडावर ठेवायचा, टेबलावर नव्हे. बिट लाकडाला टेकेपर्यंत मोटर खाली आणून खटका आवळायचा. हे झालं शून्य. मग दांडी आणि पायरी यांच्यामध्ये बिजागरीचं पानच ठेवायचं, दांडी त्याच्यावर टेकवून घट्ट करायची आणि पान काढून घ्यायचं. झालं! खाच पानाइतकीच खोल जाणार. आकडा नको, चष्मा नको.

शेवटचा बारकावा स्क्रूने करायचा. काही राऊटरांना त्यासाठी वेगळी मूठ असते, नाहीतर पायरीवरचा स्क्रू असतो. साधारण ६ मिलिमीटरच्या स्क्रूचा आटा एक मिलिमीटरचा असतो, म्हणजे पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर. मात्र आट्यात थोडी ढिलाई असतेच, म्हणून दर वेळी एकाच दिशेने फिरवत मापावर यायचं. पुढे गेलात तर चांगलं मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने या. त्याच जातीच्या उरलेल्या तुकड्यावर एक खाच मारून पाहा, पान ठेवून बोट फिरवा. बोटाला कंगोरा लागला नाही म्हणजे माप जमलं. बिट बदललं की शून्य पुन्हा घ्यायचं. बैठकीखाली भुसा अडकला तर खाच उथळ होते. कॉलेट नीट आवळलेली नसेल तर बिट हळूहळू खाली सरकतं आणि पहिल्या दारापेक्षा चौथ्या दाराची खाच खोल होते. आणि आमच्याकडची खास सूचना: लाईट गेली तर बटण आधी बंद करा. ती परत येते तेव्हा मशीन आपोआप सुरू होतं आणि बोटं कुठे आहेत हे त्याला दिसत नाही.

या सगळ्यावरून माझ्या मनात एक विचार पक्का झाला आहे. पटाशीचा बारकावा काम करता करता येतो. आमचे वडील पान ठेवून पाहत, एक पातळ साल काढत, पुन्हा ठेवून पाहत. चूक होण्याआधी हाताला कळायचं. राऊटरचं बिट मिनिटाला वीस-वीस हजार फेरे घेतं, ते हाताला काही सांगत नाही. तिथे बारकावा काम सुरू होण्याआधीच ठेवावा लागतो. म्हणून "मशीन आलं, कसब गेलं" हे मला पटत नाही. कसब गेलेलं नाही, ते फक्त आधीच्या दहा मिनिटांत जाऊन बसलं आहे.

आणि नेमकी तीच दहा मिनिटं आपण सुताराला देत नाही! दाराचा भाव नगावर ठरवतो, आणि तो तुकड्यावर चाचणी घेताना दिसला की विचारतो, "मशीन असून एवढा वेळ कसा?" पोलादपूरकडची पोरं मुंबईला जाऊन हे काम ओरडा खात शिकतात. यंत्राबरोबर येणारं पुस्तक इंग्रजीत असतं. शून्य कसं घ्यायचं हे त्यांना मराठीत कोणी बसून सांगितलेलं नसतं. मग ती घाईने पट्टीवरचा आकडा बघतात, खाच मारतात, पुढच्या दाराकडे वळतात. ज्या पोराला चाचणीचा वेळ मिळत नाही त्याच्या हातून दार बिघडतं, त्याची मजुरी कापली जाते आणि तो सुतारकी सोडून दुसरं काही बघतो. हे नुकसान दारापेक्षा मोठं आहे.

तेव्हा गावाकडे घर बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आमच्या सर्व नातेवाईकांना आणि ब्लॉगमित्रांना एवढंच सांगणं. सुताराशी बोलताना भाव जरूर ठरवा, पण चाचणीचा वेळ त्यात धरा. टाकाऊ तुकडे लगेच चुलीत घालू नका, त्याच्यापाशी राहू द्या. आणि दार आवळलं तर रंधा मागवण्याआधी बिजागरीच्या बाजूला पोस्टकार्ड घालून पाहा.