भोक जपावे, बोल्ट बदलावा

झाशी येथे इंडियन मिडलंड रेल्वेने १८९५ साली कारखाना उभारला. १९०० साली त्या रेल्वेचा कारभार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे आला. आज उत्तर मध्य रेल्वेच्या अखत्यारीत तेथे वाघिणींची दुरुस्ती होते. यंत्र घडते एकदाच, पण त्याची दुरुस्ती वारंवार करावी लागते. म्हणून पुढील कारागिराला तोच बोल्ट सुखाने काढता-बसविता येईल काय, ही चांगल्या दुरुस्तीची एक कसोटी मानली पाहिजे.

बोल्ट भोकात नुसता अडकून राहत नाही. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा भार आट्यांवर, त्यातही पहिल्या काही आट्यांवर अधिक पडतो. यासाठी पोलादात निदान बोल्टच्या व्यासाइतकी व बिडात सुमारे त्याच्या दीडपट लांबी आट्यांत गुंतलेली असावी, असा संकेत आहे.

आटे झिजले की भलत्याच मापाचा बोल्ट पान्याने रेटून वेळ मारून नेण्याची प्रवृत्ती आढळते. ती सर्वथा त्याज्य होय. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचविलेल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आट्याचा ६० अंशांचा असतो. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टवर इंचास १२ आटे, म्हणजे दोन आट्यांत सुमारे २.१२ मिलिमीटर अंतर असते. १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टवर ते १.७५ मिलिमीटर असते. अशी विजोड जोडी एक-दोन फेरे जुळल्यासारखी वाटते; नंतर बोल्ट अडतो आणि जोर केल्यास आटे कापले जातात.

यात वेळ वाचतो, असे कोणी म्हणेल. परंतु बोल्ट स्वस्त असतो. भोक ज्या ओतीव भागात असते तो महाग असतो. बिघडलेले भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडावेत व आतून मूळ मापाचे आटे असलेली बुश बसवावी. जागा असल्यास आरपार भोक व चाकी हाच उत्तम उपाय, कारण मग झीज चाकीवर जाते आणि चाकी सहज बदलता येते. भोकाभोवती पुरेसा धातू उरला नसेल, तर तो भाग बदलणेच इष्ट.

आज वाचविलेल्या घटकेचे मोल पुढच्या कारागिराला, प्रसंगी प्रवाशालाही, द्यावे लागते. मूळ माप राखणारी दुरुस्तीच खरी दुरुस्ती होय.