कादंबरीचा वाचक आणि इतिहासाचा कागद

मराठी मध्यमवर्गीय घरातील पुस्तकांचे कपाट उघडले, तर ज्ञानेश्वरी आणि दासबोधाच्या शेजारी चार-पाच ग्रंथ हमखास दिसतात. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’, शिवाजी सावंत यांची ‘छावा’, विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘राजा शिवछत्रपती’. मुंजीत आहेर म्हणून आलेले, शाळेत बक्षीस मिळालेले, थोरल्या काकांनी वाचून पुतण्याच्या हाती दिलेले हे ग्रंथ. या घरातल्या माणसाला ‘इतिहास वाचता का?’ असे विचारले, तर तो अभिमानाने याच कप्प्याकडे बोट दाखवतो. यातील चार कादंबऱ्या आहेत आणि पाचवे पुस्तक कागदपत्रांचा आधार घेऊनही शाहिराच्या ढंगाने सांगितलेली कथा आहे, हा भेद त्याच्या मनात फारसा उमटत नाही.

या वाचकाला हसण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात इतिहासाविषयी जी आस्था टिकली, ती विद्यापीठांतील प्रबंधांनी टिकवलेली नाही. नाटक, पोवाडा, कीर्तन आणि कादंबरी यांनी ती टिकवली. थेऊरला 18 नोव्हेंबर 1772 रोजी अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी देह ठेवणारा पेशवा कोण होता, हे 1962 पूर्वी किती घरांत ठाऊक होते? ‘स्वामी’ आली आणि थोरले माधवराव घराघरांतले झाले. रमा-माधवाचे हळुवार संवाद कोणत्याही दप्तरात नाहीत, असण्याचे कारणही नाही. परंतु राक्षसभुवनची लढाई, हैदरवरील स्वाऱ्या आणि काकांशी झालेला कलह यांची ओळख सामान्य वाचकाला त्या संवादांच्या बोटाला धरूनच झाली. पानिपताचेही तसेच. राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत भाऊसाहेबांच्या माथी मारलेल्या दोषांची झाडाझडती घेतली. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी तोच विषय तडीस नेला. परंतु पानिपत म्हणजे केवळ फजिती नव्हे, हे सर्वसामान्य मराठी माणसाला पटले ते मात्र 1988 साली, कादंबरी हाती आल्यावर. अभ्यासकांनी याचे वाईट वाटून घेण्यापेक्षा याचा विचार करावा, हे बरे.

प्रश्न वेगळाच आहे. कादंबरीने लळा लावला, इथवर ठीक. लळा लागलेला वाचक पुढे कागदापर्यंत जातो की कादंबरीलाच कागद समजतो? यात काय पणाला लागते, हे समजून घ्यायचे असेल तर छत्रपती संभाजी महाराजांच्या चरित्राची दोनशे वर्षांत जी परवड झाली, ती पाहावी.

संभाजीराजांना फेब्रुवारी 1689 मध्ये संगमेश्वरी कैद झाली आणि 11 मार्च रोजी औरंगजेबाने हालहाल करून त्यांचा वध केला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. ज्या बाळाजी आवजींना संभाजीराजांनी 1681 साली कटाच्या आरोपावरून देहान्त शासन दिले, त्यांच्याच वंशातील हे बखरकार. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला सल लेखणीत उतरावा, यात नवल नाही. नवल आहे ते पुढे. ही बखर ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकाराला उपयोगी पडली, त्याच्या 1826 सालच्या ग्रंथातून ती पुढच्या पुस्तकांत झिरपली आणि तेथून मराठी रंगभूमीवर चढली. शूर पण व्यसनी, विलासी, कलुषाच्या आहारी गेलेला राजा! नाटककारांना असे पात्र हवेच होते. औंधकरांचे ‘बेबंदशाही’, राम गणेश गडकरी यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ आणि पुढे ‘थोरातांची कमळा’ यांतून जे संभाजीराजे प्रेक्षकांनी पाहिले, त्यांच्यासाठी प्रेक्षकांनी अश्रूही ढाळले. शोकान्त नायक म्हणून त्यांच्यावर प्रेमच केले. ज्या थोरातांच्या कमळेवरून हा सारा गहिवर, तिचा समकालीन कागदांत मागमूस नाही, ही शंका मात्र त्या अश्रूंत कुणाला आली नाही.

ज्या राजाने नऊ वर्षे औरंगजेबाच्या अफाट फौजेशी, सिद्दीशी आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशी एकाच वेळी झुंज दिली, ज्याच्या नावावर ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ आहे, त्याची ही प्रतिमा समाजाने आनंदाने स्वीकारली. ‘बुधभूषणम्’ 1926 साली भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने छापूनही प्रसिद्ध केला होता. छापील ग्रंथ पुण्यात, विपर्यस्त नाटके गावोगाव! हे कोणा परकीयाचे कारस्थान नव्हते. त्या नाटकांचे लेखक स्वकीय होते, प्रेक्षक स्वकीय होते आणि सर्वांच्या मनात शिवछत्रपतींविषयी अपार भक्ती होती. कथा रंगतदार आहे, म्हणून ती खरी मानण्याची सवय एवढेच त्यामागचे कारण.

ही प्रतिमा पुसली वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. शिवछत्रपतींचे म्हणून छापले जाणारे चित्र दुसऱ्याच एका इसमाचे आहे, हे दाखवून महाराजांचे खरे चित्र ज्यांनी समाजापुढे आणले, तेच हे बेंद्रे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या परंपरेत वाढलेला हा माणूस साधने गोळा करण्यासाठी 1938 साली इंग्लंडला गेला, तेथील दप्तरे उपसली, नकला करून आणल्या आणि 1960 साली, वयाच्या 66 व्या वर्षी, ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मधली वीस-बावीस वर्षे कागद जुळवण्यात गेली. पुढे 1971 साली डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. या दोघांनी वाट मोकळी केली, म्हणून 1979 साली ‘छावा’ लिहिली जाऊ शकली. कादंबरीने ती नवी प्रतिमा लाखो वाचकांपर्यंत नेली आणि 2025 साली त्याच कादंबरीवरील हिंदी चित्रपटाने ती मराठी न जाणणाऱ्यांपर्यंतही पोहोचवली. म्हणजे जखम ललित साहित्याने केली, औषध कागदाने दिले आणि ते औषध घरोघर पोहोचवले ते पुन्हा ललित साहित्याने. आज ‘छावा’ वाचून डोळे पुसणाऱ्यांपैकी बेंद्रे हे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न विचारला तर उत्तर सुखद येणार नाही.

या विस्मृतीचे परिणाम रस्त्यावर दिसतात. जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. कारण काय, तर ‘राजसंन्यास’मधील चित्रण. गडकरी 1919 साली गेले. त्यांच्यापुढे जी साधने होती, त्यांवर त्यांनी नाटक रचले. त्यांना उत्तर द्यायचे होते आणि ते बेंद्रे यांनी 57 वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. ज्यांनी पुतळा उखडला त्यांना ते उत्तर वाचण्याचे कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत. नाटक हाच इतिहास असे मानणारा मनुष्य एक तर नाटकापुढे लोटांगण घालतो, नाही तर नाटककारावर हात उगारतो. तिसरा मार्ग त्याला माहीत नसतो.

‘छावा’ चित्रपटाच्या वेळीही हेच घडले. झलक पाहून महाराजांच्या तोंडी नव्हे तर हाती लेझीम दिल्याबद्दल गदारोळ झाला आणि ते दृश्य दिग्दर्शकाने काढून टाकले. पुढे शिर्के घराण्याच्या वंशजांनी फितुरीच्या चित्रणावर आक्षेप घेतला. लेझमीचा प्रश्न किरकोळ होता, शिर्क्यांचा नव्हे. एका घराण्याच्या माथी तीनशे वर्षांचा कलंक लावायचा, तर त्याला समकालीन आधार काय, हे विचारण्याचा हक्क कोणालाही आहे. दिग्दर्शकाने क्षमा मागून विषय मिटवला. मूळ कागद काय सांगतात, याची चर्चा मात्र वाहिन्यांवर दोन दिवसही टिकली नाही.

राष्ट्रीय विचारांच्या वाचकावर येथे अधिक जबाबदारी येते, हे स्पष्टच बोललेले बरे. पाठ्यपुस्तकांत शिवछत्रपतींना मिळणाऱ्या अपुऱ्या जागेविषयी, मराठ्यांना लुटारू ठरवणाऱ्या परकीय लेखकांविषयी त्याला रास्त संताप येतो. तो संताप न्याय्य ठरतो तो पुराव्याच्या बळावर. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने एकोणिसाव्या शतकात ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका लिहिली, ती भावना दुखावल्याची तक्रार नव्हती. डफने कोणती साधने पाहिली आणि कोणती पाहिली नाहीत, याचा तो हिशेब होता. आपल्याला प्रिय असलेली दंतकथा जर कोणी तपासायची नाही असे म्हटले, तर अप्रिय दंतकथा तपासा असे कोणत्या तोंडाने सांगणार? चिटणिसांची बखर नाकारण्यासाठी जी कसोटी लावली, तीच कसोटी आवडत्या कादंबरीलाही लागते.

कादंबरीकारांनाही याची जाण होती. ‘श्रीमान योगी’च्या आरंभी नरहर कुरुंदकर यांचे जे प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापले आहे, त्यात साधनांचे मोल, बखरींची विश्वसनीयता आणि कलावंताचे स्वातंत्र्य यांची कठोर चर्चा आहे. आपल्याच कादंबरीच्या दारात असा परखड पहारेकरी उभा करण्याचे धैर्य देसाई यांनी दाखवले. बहुसंख्य वाचक ती पाने उलटून थेट पहिल्या प्रकरणाकडे वळतात, ही गोष्ट निराळी!

सामान्य वाचकाने मोडी शिकून पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसावे, अशी अपेक्षा कोणी करत नाही. त्या दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि ते वाचू शकणारे थोडे आहेत, ही चिंता शासनाची आणि विद्यापीठांची अधिक. सामान्य वाचकाला करता येण्याजोगे काम लहान आहे. कादंबरी संपली की त्याच विषयावरचा एक इतिहासग्रंथ शेजारी ठेवणे. ‘छावा’जवळ बेंद्रे किंवा कमल गोखले, ‘पानिपत’जवळ शेजवलकर, ‘श्रीमान योगी’जवळ सेतुमाधवराव पगडी किंवा गजानन मेहेंदळे. हे ग्रंथ रुक्ष असतात, ही समजूतही अर्धवट आहे. शेजवलकरांची मराठी वाचताना कादंबरी खाली ठेवावीशी वाटेल, असे प्रसंग येतात.

आणि ज्याला एवढाही वेळ नाही, त्याने निदान कृष्णाजी अनंत सभासदाची बखर वाचावी. महाराजांच्या पदरी राहिलेल्या या माणसाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून 1697 च्या सुमारास जिंजीला ती लिहिली. पुस्तक लहानसे आहे, दोन संध्याकाळी पुरतात. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीपासून प्रत्येक मराठी मुलाच्या मनात कोंढाण्याचे जे चित्र कोरले गेले आहे, ते त्या बखरीत शोधून पाहावे. तेथे यशवंती घोरपड नाही. ती पोवाड्यातून आली. तान्हाजीच्या मृत्यूनंतर गडाचे नाव बदलले, हेही खरे नव्हे. 1670 च्या लढाईआधी सात वर्षे, 1663 सालच्या महाराजांच्या पत्रात ‘सिंहगड’ हेच नाव आहे. सभासदाच्या बखरीत मावळे आपल्या हातापायांच्या बळावर कडा चढतात, तान्हाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात. वार्ता कळल्यावर महाराजांच्या तोंडी जो उद्गार सभासदाने दिला आहे, त्यात सिंह येत नाही. एक गड मिळाला, पण तान्हाजी हाच एक गड होता आणि तो गेला, एवढीच त्या राजाची खंत आहे.