मद्यासक्त मेंदूचें चित्र

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. नांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची विनंती आहे व ती रास्तच आहे. त्यांच्या यजमानांनीं मद्य सोडल्यास चार महिने झाले. सोडलें तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, आणि आजवर शपथ मोडलेली नाहीं. पण घरांत वावरतात ते परक्यासारखे. जेवणांत रुचि नाहीं, गाण्याची बैठक नकोशी, मुलाचा परीक्षेंतील निकाल उत्तम लागला तरी चेहऱ्यावरची रेषा हलली नाहीं. सासूबाई म्हणतात, "त्याच्या मनांत अजून बाटलीच आहे." भगिनी विचारतात, हा मनाचा खोटेपणा कीं कांहीं आजार? दुसरा प्रश्न त्यांनीं पत्राच्या अगदीं शेवटीं, जणूं भीतभीतच लिहिला आहे : मुलाचें काय?

'एकच प्याला'मधील सुधाकराच्या कथेवर पोसलेल्या आपल्या समाजास व्यसन म्हणजे निश्चयाची उणीव, एवढेंच ठाऊक असतें. निश्चयाचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु जिवंत माणसाच्या मेंदूंतील रसायनांचा व्यवहार बाहेरून पाहण्याची जी विद्या गेल्या कांहीं दशकांत निर्माण झाली, तिनें या समजुतीस मोठा धक्का दिला आहे, आणि भगिनींच्या प्रश्नांचें थोडेंबहुत उत्तर तींतच सांपडतें.

या विद्येचें मूळ १९३२ सालीं कार्ल अँडरसन यांनीं शोधलेल्या पॉझिट्रॉन नामक कणांत आहे. कार्बनचा एक किरणोत्सर्गी प्रकार असा कण बाहेर टाकतो. तो लगतच्या इलेक्ट्रॉनास भेटतांच दोघेहि लय पावतात व दोन किरण परस्परविरुद्ध दिशांस धांवतात. डोक्याभोंवतीं बसविलेलें यंत्राचें कडें ते दोन्ही एकाच क्षणीं टिपतें आणि त्यावरून मूळ जागेचा हिशेब मांडतें. यालाच 'पेट' चित्रण म्हणतात. हा कार्बन दर वीस मिनिटांस निम्मा होत असल्यामुळें तो सायक्लोट्रॉन यंत्रांत तयार करून जवळच्या जवळ वापरावा लागतो. एरवीं शिळें न खाणाऱ्या आमच्या आजीबाईंस ही शिस्त मनापासून पटली असती!

आतां रसायनाकडे वळूं. मेंदूंत डोपामिन नांवाचें द्रव्य आहे. गोडी, उत्साह, पुन्हा हवेंसें वाटणें, या साऱ्यांशीं त्याचा निकट संबंध आहे. पेशींवरील ठराविक ग्राहकांवर तें जाऊन बसतें. पंगतीचेंच उदाहरण घ्या. ग्राहक म्हणजे मांडलेले पाट, डोपामिन म्हणजे आमंत्रित मंडळी. रॅक्लोप्राइड या द्रव्यास किरणोत्सर्गी कार्बन जोडून तें शिरेंतून दिलें, म्हणजे कपाळीं ठळक गंध लावलेला एक निराळाच पाहुणा पंगतींत शिरतो आणि रिकाम्या पाटावर बसतो. असे गंधवाले मोजले कीं पाट किती याचा अंदाज येतो. आमंत्रितांची एकाएकी गर्दी झाली तर गंधवाल्यांस पाट मिळत नाहीं. म्हणून ते किती घटले, यावरून डोपामिन किती सुटलें हेंहि कळतें. युक्ति साधी आहे, पण एखाद्या चतुर गृहिणीस शोभेल अशी.

अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेंत डॉ. नोरा व्होल्को व त्यांचे सहकारी यांनीं हे प्रयोग मद्यासक्तांवर केले. पुढें २००३ सालीं याच बाई तेथील व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेच्या संचालक झाल्या. १९९६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं मद्यासक्तांच्या मेंदूंत हे पाट निरोगी माणसांपेक्षां कमी आढळतात. २००७ सालीं त्यांनीं मद्य सोडलेले वीस जण व इतर वीस जण घेऊन, दोघांसहि डोपामिन वाढविणारें मेथिलफेनिडेट हें औषध दिलें. इतरांच्या मेंदूंत आमंत्रितांची गर्दी उसळली; मद्य सोडलेल्यांच्या मेंदूंत ती फारच थोडी झाली. ज्या गोष्टीनें दुसऱ्यास उल्हास वाटावा तिनें यांचें मन हलत नाहीं, याचा कांहींसा उलगडा येथें होतो. आणि भगिनींच्या चार महिन्यांच्या हिशेबास लागू पडणारी गोष्ट ही कीं, २००२ सालच्या एका प्राथमिक तपासणींत, मद्य सुटल्यानंतर एक ते चार महिन्यांनींहि पाटांची संख्या म्हणण्यासारखी वाढलेली दिसली नव्हती. तेव्हां सासूबाईंस आमचें नम्र सांगणें आहे कीं, मुलाच्या मनांत बाटली असेल वा नसेल, त्याच्या निर्विकार चेहऱ्यावरून तें ठरवूं नये.

मात्र येथें एक सावधगिरी हवी. पाट मद्यानें कमी झाले, कीं मुळांतच कमी होते म्हणून माणूस मद्याकडे ओढला गेला, हें अशा एका चित्रावरून सांगतां येत नाहीं. शिवाय हे निष्कर्ष समूहाच्या सरासरीचे आहेत. एकट्या माणसाचें चित्र काढून 'हा मद्यासक्त' असा शिक्का मारणारा डॉक्टर भेटल्यास त्याच्यापासून दूर राहावें. चित्रांतले लाल-पिवळे रंगहि मेंदूचे नव्हेत, गणकयंत्रानें आंकड्यांस दिलेले आहेत.

मुलाविषयीं २००६ सालचें संशोधन सांगण्यासारखें आहे. मद्यासक्तांच्या कुटुंबांत जन्मूनहि स्वतः व्यसनापासून मुक्त राहिलेल्या प्रौढांचे मेंदू तपासले, तेव्हां त्यांच्यांत हे ग्राहक उलट अधिक आढळले. ही जणूं त्यांची ढाल असावी असें संशोधकांस वाटलें. ती प्रत्येक मुलास मिळते असें कोणीहि म्हणत नाहीं, आणि आनुवंशिक धोका असतो हेंहि खरेंच. पण पित्याचें व्यसन हें पुत्राच्या कपाळींचें लिखित नव्हे. मुलापासून ही गोष्ट लपवूं नये. त्यास समजेल अशा शब्दांत सांगावी, आणि पहिला पेला त्यानें जितका लांबणीवर टाकावा तितकें बरें.

डोपामिनवरच सारें संपत नाहीं. २०१२ सालीं कॅलिफोर्नियांत, तेरा अतिमद्यपी व बारा इतर माणसें यांस मद्य पाजून त्यांचें चित्रण केलें, तेव्हां मेंदूंतील अफूसदृश द्रव्यें सुटतांना दिसलीं. या द्रव्यांच्या ग्राहकांस अडविणारें नाल्ट्रेक्सोन हें औषध अमेरिकेंत मद्यासक्तीकरितां १९९४ सालींच मान्य झालें होतें. तें यजमानांस योग्य कीं नाहीं, हें त्यांच्या डॉक्टरांनीं यकृत तपासून ठरवावयाचें आहे.

टोरांटोच्या संशोधकांनीं १९७८ सालींच दाखविलें होतें कीं, मद्य सोडून राहिलेल्या कांहीं रोग्यांचा आक्रसलेला मेंदू पुन्हा अंशतः भरून येतो. त्यास अवधि लागतो. तोंपर्यंत भगिनींनीं एक करावें : हा उदासपणा मानसोपचारतज्ज्ञांस मुद्दाम सांगावा. पुष्कळदां तो निराळाच विकार असतो व त्यावर निराळे उपचार आहेत. आणि रात्रीं झोंप लागते कीं नाहीं, तें पत्रांत लिहावयाचें राहिलें आहे; डॉक्टर तें प्रथम विचारतील.