निष्ठा ठेवा, हिशेबही ठेवा



‘आमचं घर आजोबापासून पंजाचं.’ ‘आमचं कमळाचं.’ आणि ‘आम्ही बाळासाहेबांचे’ असं कोणी म्हटलं, तर अकोला जिल्ह्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ठाकरे की प्रकाश आंबेडकर? बार्शीटाकळीच्या बाजारात, पिंजरच्या पानठेल्यावर, महानच्या स्टँडवर ही वाक्यं रोज कानावर पडतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या पक्षासाठी बापानं रात्र-रात्र भिंती रंगवल्या, घरची भाकर बांधून सभेला गेला, तो पक्ष पोराच्या हातून सहज सुटत नाही. तो सोडा, असं मी सांगणार नाही. मी एवढंच सांगतो, की निष्ठेसोबत हिशेबही ठेवा. तो ठेवायची सोय आता तुमच्या खिशात आहे, आणि आपण ती भलत्याच कामाला लावली आहे.

आधी निष्ठेचं बोलू. ज्या पक्षाला आपण जन्मभर धरून आहोत, तो स्वतः किती जागचा राहिला, हे एकदा शांतपणे आठवून पाहा. आजच्या म्हाताऱ्या माणसांच्या वडिलांनी बैलजोडीवर शिक्का मारला. १९६९ साली काँग्रेस फुटली आणि १९७१च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं चिन्ह गाय-वासरू झालं. १९७८मध्ये पुन्हा फूट पडली आणि पंजा आला. जनसंघाचा दिवा १९७७ साली जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यात गेला आणि १९८०मध्ये भाजपचं कमळ होऊन बाहेर आला. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला, त्यानंतर त्याचे किती गट झाले ते मोजणं कार्यकर्त्यांनीही सोडून दिलं. १९९८ साली हे गट एकत्र आले, तेव्हा अकोल्यातून प्रकाश आंबेडकर आणि अमरावतीतून रा. सू. गवई असे दोघंही रिपब्लिकन पक्षाचे खासदार झाले. पुढच्याच वर्षी, १९९९ला, अकोल्याची तीच जागा भारिप बहुजन महासंघाच्या नावावर लढवली आणि जिंकली गेली. आज ती माणसं वंचित बहुजन आघाडीत आहेत.

आणि अलीकडचं तर डोळ्यांदेखतच घडलं. २०२२ला शिवसेना फुटली. धनुष्यबाण फेब्रुवारी २०२३मध्ये एकनाथ शिंदेंच्या गटाला मिळाला, उद्धव ठाकऱ्यांच्या हाती मशाल आली. २०२३ला राष्ट्रवादी फुटली. पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ अजित पवारांकडे गेलं आणि शरद पवारांकडे तुतारी वाजवणारा माणूस आला. तीस वर्षं धनुष्यबाणाला मत देणाऱ्या माणसानं काय करावं? बाण धरावा तर ज्यांना मानलं ते तिकडे नाहीत, माणसं धरावी तर बाण तिकडे नाही. यात त्या मतदाराची चूक काहीच नाही. एक मात्र लक्षात येतं : पुढाऱ्यांनी आपापला हिशेब वेळोवेळी केला, करायचा राहिला तो आपणच.

आमदार-खासदारांसाठी पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला. २००३मध्ये तो आणखी आवळला, एक तृतीयांश लोक घेऊन फुटायची वाट बंद केली. तरीही पक्ष फुटायचे ते फुटतच राहिले. व्हिप असतो तो सभागृहातल्या लोकप्रतिनिधीला. मतदाराला कोणताच व्हिप लागू होत नाही, त्याचं मत गुप्त असतं आणि दर निवडणुकीत नव्यानं त्याचंच असतं. कायद्यानं जे बंधन आपल्यावर टाकलं नाही, ते आपण स्वतःच्या गळ्यात का बांधून घ्यावं?

बियाण्याचंच पाहा ना. एका कंपनीची सरकी वर्षानुवर्षं लावणारा कास्तकार आपल्याकडे कमी नाही. पण तोही पिशवीवरचा लॉट नंबर पाहतो, पक्कं बिल घेतो, आणि एखाद्या साली उगवलं नाही तर त्याच दुकानात जाऊन भांडतो. कंपनीवर भरवसा आहे म्हणूनच भांडतो.

आता मोबाईलकडे वळू.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि वर्ष-दोन वर्षांत नेट गावोगाव पोचलं. त्याआधी राजकारणाची बातमी आपल्यापर्यंत मुख्यतः दोन वाटांनी यायची : पानठेल्यावरचा पेपर आणि पक्षाचा कार्यकर्ता. कार्यकर्ता नुसता प्रचार करत नव्हता. निराधारचा अर्ज, रेशन कार्डातलं नाव, तहसीलमधला अडलेला कागद, ही कामं तोच करायचा. लोक पक्षाला धरून राहायचे त्यामागे पुष्कळदा तोच असायचा. त्याला गावात राहायचं होतं, म्हणून त्याला गावाला उत्तरही द्यावं लागायचं. आज पक्षाचा संदेश थेट आपल्या हातात येतो. तो कोणी लिहिला, कुठून आला, हे कळत नाही आणि त्याला जाबही विचारता येत नाही. ज्या माणसाकडून पक्ष एकेकाळी सतरंज्या उचलून घ्यायचा, त्याच्याकडून आता पोस्ट पुढे ढकलून घेतो. सतरंजी उचलणाऱ्याला निदान साहेबाला समोरासमोर दोन शब्द ऐकवता यायचे.

शिवाय मोबाईलवरचे व्हिडिओ कसे येतात तेही समजून घ्या. तुम्ही एका पुढाऱ्याचं भाषण शेवटपर्यंत पाहिलं, की त्याच रंगाची आणखी भाषणं समोर येतात, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त तिखट. महिनाभरात तुम्हाला वाटू लागतं की सगळा देश तुमच्यासारखाच विचार करतो आणि शेजारचा तेवढा बिघडला आहे. शेजाऱ्याच्या मोबाईलवर उलट्या बाजूनं नेमकं हेच चाललेलं असतं. मशीनला तुमच्या पक्षाशी देणंघेणं नाही, तुम्ही स्क्रीनवर किती वेळ थांबता एवढ्याशीच त्याचं काम.

याची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. नोव्हेंबर २०२१मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या बातम्यांवरून अमरावती पेटली, संचारबंदी लागली, नेट बंद करावं लागलं. १३ मे २०२३ला खुद्द अकोल्यात, जुन्या शहरात, इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून दंगल झाली, एकाचा जीव गेला आणि अनेक पोरं पोलिसांच्या यादीत गेली. आपली बार्शीटाकळी सगळ्या धर्मांच्या, सगळ्या जातींच्या लोकांची. एक व्हिडिओ इथलं काय करू शकतो, हे वेगळं सांगायला नको. ज्या पोराच्या नावावर गुन्हा लागतो, त्याची पोलीस भरतीच्या वेळची चारित्र्य पडताळणी कोणताही पुढारी येऊन करून देत नाही.

म्हणून पहिली विनंती : ज्याची खात्री नाही ते पुढे पाठवू नका, मग ते तुमच्याच पक्षाच्या फायद्याचं का असेना. व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन असाल तर डोळे उघडे ठेवा. सदस्यानं टाकलेल्या पोस्टसाठी केवळ अॅडमिन म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलं आहे. पण कोर्टात सुटलो म्हणून गावात तोंड दाखवायला जागा राहतेच असं नाही.

दुसरी विनंती जरा कष्टाची आहे. तेच नेट आपल्या गावासाठी वापरा.

ई-ग्रामस्वराज नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल एप्रिल २०२०पासून सुरू आहे. त्यावर राज्य, अकोला जिल्हा, बार्शीटाकळी पंचायत समिती आणि आपलं गाव निवडलं, की वर्षाच्या आराखड्यात कोणती कामं धरली, वित्त आयोगाचा पैसा किती आला आणि कशावर गेला, हे घरबसल्या दिसतं. रोजगार हमीच्या कामावर कोणाची हजेरी लागली, तेही ऑनलाइन पाहता येतं. पूर्वी हे कागद ग्रामसेवकाच्या कपाटात असायचे, आणि ते कपाट कोणासाठी उघडायचं हे गावचा पुढारी ठरवायचा. आज त्याची परवानगी लागत नाही. यादीतली नाली गावात खरंच आहे का, एवढं चालत जाऊन पाहायला कोणताच पक्ष आडवा येत नाही.

जे पोर्टलवर नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. २००५चा कायदा आहे, १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा. तिथंही भागलं नाही, तर राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ आपल्या अमरावतीतच आहे, मुंबई गाठायची गरज नाही. अर्ज लिहिताना राग बाजूला ठेवा. ‘भ्रष्टाचार झाला आहे’ असं लिहिलं तर उत्तर मिळत नाही. ‘अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दिलेल्या बिलांची प्रत द्यावी’ असं लिहिलं, की टाळायला जागा उरत नाही.

निवडणूक आली की उमेदवाराचं शपथपत्र वाचा. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे, सगळं निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं. फेब्रुवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक बंधन घातलं : गुन्हे दाखल असलेल्या माणसाला पक्षानं तिकीट दिलं, तर का दिलं आणि दुसरा कोणी का मिळाला नाही, हे पक्षानं स्वतः जाहीर करायचं. ‘तो निवडून येतो’ एवढं कारण चालणार नाही, असंही कोर्टानं म्हटलं. आपल्या पक्षानं हे कारण काय लिहिलं आहे, ते वाचायचं काम विरोधकांपेक्षा आधी आपलं आहे.

यावर काही जण म्हणतील, ‘आपल्याले हे जमत नाही भाऊ, हे पोट्ट्यायचं काम.’ असं कसं म्हणता? २०२१पासून ई-पीक पाहणी वावरात उभं राहून मोबाईलवर तुम्हीच करता ना? रेंज मिळेना तर धुऱ्यावर जाऊन फोटो काढता. सातबारा काढता, विम्याची तक्रार टाकता. ज्याला कपाशीची नोंद जमते, त्याला गावच्या नालीची नोंद पाहणंही जमेल. नाहीच जमलं तर घरातल्या पोरीला बसवा शेजारी. तिलाही कळू द्या की मोबाईलमध्ये रील्सशिवाय आणखी काही असतं.

दुसरे म्हणतील, आम्ही प्रश्न विचारले तर पक्षाचे लोक म्हणतील हा फुटला. म्हणू द्या. नोव्हेंबर २०१९मध्ये एका पहाटे राजभवनात कोणी कोणासोबत शपथ घेतली, आणि पाच दिवसांनी शिवाजी पार्कवर कोणी कोणासोबत घेतली, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्यातल्या कोणालाही वरच्यांनी फुटका म्हणून घरी बसवलं नाही. मग गावच्या पाण्याचा हिशेब विचारणारा कार्यकर्ताच तेवढा फितूर कसा ठरतो?

वऱ्हाडाला ही गोष्ट नवीही नाही. ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून इथला कास्तकार कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरला, तेव्हा त्यात सगळ्या पक्षांची घरं होती. मतदानाला जो-तो आपापल्या चिन्हाकडे गेला असेल, पण भावाच्या प्रश्नावर एका रस्त्यावर बसायला त्याला कोणाची हरकत वाटली नाही. तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत मताचं मोल गावकऱ्याला बजावून सांगितलं आहे. ग्रामगीता घराघरात आहे, तो भाग पुन्हा एकदा काढून वाचा.

आणि आपल्या ग्रुपवर एकदा मागे जाऊन पाहा. दिल्ली, मुंबई, पाकिस्तान, अमेरिका सगळं सापडेल. महानच्या काटेपूर्णा धरणातला साठा किती आहे, यावर शेवटचं कधी बोललात? धरण आपल्या तालुक्यात, त्याचं पाणी अकोला शहर पितं, आणि आपल्या गावांना कोणत्या योजनेतून किती दिवसांआड पाणी येतं, हे ग्रुपवर कोणी विचारत नाही. त्याला लाईक मिळत नाहीत म्हणून का? भांडायचंच असेल तर यावर भांडा. यावर भांडताना समोरच्या गल्लीतला दुसऱ्या पक्षाचा माणूसही तुमच्याच बाजूनं उभा राहील, कारण हंडा त्याच्याही घरी रिकामा आहे.

शेवटचं सांगणं ग्रामसभेचं. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. कोरमला मतदारांचे १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल तेवढी लागतात. ग्रुपवर दोनशे सदस्य असलेल्या गावात शंभर माणसं ग्रामसभेला जमत नाहीत, आणि मग नंतर घरोघर सह्या गोळा होतात. बार्शीटाकळी शहरात राहणाऱ्यांनी नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी, कारण तोंडी तक्रारीला तारीख नसते.

ग्रामपंचायत निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, तरी सरपंच कोणाचा हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तो तुमच्या पक्षाचा असेल, तर ई-ग्रामस्वराजवरचा कागद हातात घेऊन ग्रामसभेत पहिला प्रश्न तुम्हीच विचारा. विरोधकानं विचारलं तर ‘राजकारण करू राहिला’ म्हणून त्याला उडवता येतं. तीस वर्षं त्याच झेंड्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला तसं उडवता येत नाही, त्याला उत्तर द्यावंच लागतं.