निर्दोषत्वाला मुदत नसते

मॅसॅच्युसेट्सच्या सेलममध्ये 1692 साली चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली. मेलेल्यांना आता निर्दोष ठरवून काय साधणार आणि जुन्या काळाला आजची फूटपट्टी का लावायची, असे आक्षेप घेतले जातात. दुसरा आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही. 71 वर्षांच्या रिबेका नर्स यांना पंचांनी आधी निर्दोष ठरवले होते. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला; पंचांनी विचारलेला प्रश्न कानांनी अधू असलेल्या रिबेकाबाईंना ऐकूच आला नाही आणि त्या मौनालाच गुन्ह्याची कबुली मानले गेले. त्यांच्या बाजूने सह्या करणारे शेजारी त्याच काळातले होते. 1697 मध्ये न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी चर्चमध्ये जाहीर माफी मागितली, पंचांनीही चूक कबूल केली. म्हणजे अन्याय झाला, हे त्या पिढीलाच कळले होते.

मग आज काय साधते? त्याच खटल्यांत दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन (धाकटी) हिची फाशी टळली, पण दोषाचा शिक्का राहिला. तो पुसावा म्हणून तिने 1712 मध्ये स्वतः अर्ज केला होता. तिला मूलबाळ नव्हते, पाठपुरावा करणारे वंशज नव्हते. कुणी वारस उरला तरच न्याय मिळावा, हे कोणत्याही राज्याला शोभत नाही. अखेर शाळकरी मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने प्रकरण लावून धरले आणि 2022 मध्ये कायद्याने तिला निर्दोष ठरवले.