झोपमोड कुणी सोसायची?

बाळ बघायला आलेल्या पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. वजन किती भरलं, तोंडावळा कुणाचा, आणि मग हमखास, "रात्री झोपतो ना नीट?" झोपतो म्हटलं की बाळ शहाणं ठरतं. तीन-चारदा उठतो म्हटलं की समोरच्याची नजर बाळावरून आईकडे वळते. तिचं दूध पुरत नसणार, तिनेच मांडीवर झोपायची सवय लावली असणार, वेळीच शिस्त लावली नसणार. प्रश्न बाळाच्या झोपेचा, निकाल मात्र आईच्या विरोधात.

हा निकाल ज्या समजुतींच्या आधारे दिला जातो, त्यांतल्या बहुतेक खोट्या आहेत. निरोगी लहान मूल रात्री उठतं यात काही बिघडलेलं नाही. बिघडलेलं आहे ते हे की घरातलं एकच माणूस, महिनोन्‌महिने, प्रत्येक वेळी उठतं.

आधी 'शहाण्या बाळा'कडे पाहू. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, तान्ह्याचं पन्नास मिनिटं ते तासाभराचं. आवर्तन संपताना झोप पातळ होते. मोठी माणसंही तेव्हा कूस बदलतात, पांघरूण ओढून घेतात आणि सकाळपर्यंत विसरून जातात. बाळाला पांघरूण ओढता येत नाही, भूक लागली तर उठून काही खाता येत नाही. त्याच्यापाशी साधन एकच, रडणं. शिवाय दिवस-रात्रीचा फरक शरीराला कळायलाच दोन-तीन महिने जातात, कारण झोपेशी निगडित असलेलं मेलॅटोनिन हे संप्रेरक ठरावीक लयीने तयार होऊ लागायला तेवढा काळ लागतो.

"ते तान्हेपणी ठीक. सहा महिन्यांनंतर तरी झोपायला नको?" हा पुढचा आक्षेप. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात याचं उत्तर आकड्यांत दिलं. सहा महिन्यांच्या ३८८ बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण २८ टक्के होतं, आणि सलग आठ तासांची अट लावली तर वर्षाची ४३ टक्के बाळं नापास झाली. या 'नापास' बाळांच्या बौद्धिक वाढीत किंवा हालचालींच्या विकासात काही उणं आढळलं नाही. त्यांच्या आयांच्या मनःस्थितीतही ठळक फरक दिसला नाही. यावरून आपल्याकडच्या आयांनी कुरकुर थांबवावी असा अर्थ कुणी काढील, म्हणून एवढंच लक्षात आणून द्यायचं की कॅनडात आईवडिलांना मिळून भत्त्यासह सुमारे वर्षभराची रजा मिळू शकते. रात्री चारदा उठून सकाळी आठची लोकल पकडणारी बाई त्या आकड्यांत शोधू नये.

दुसरा आरोप दुधाचा. 'अंगावरचं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर', 'चौथ्या महिन्यातच नाचणीची पेज दे, रात्रभर झोपेल.' ब्रिटनमध्ये २०१५ साली ६ ते १२ महिन्यांच्या बाळांच्या ७१५ आयांची पाहणी झाली. ७८ टक्के बाळं रात्री एकदा तरी उठत होती. अंगावर पिणारी आणि बाटलीने पिणारी यांच्यात उठण्याच्या बाबतीत फरक नव्हता. नाचणीच्या पक्षात मात्र एक पुरावा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंड-वेल्समधल्या १,३०३ बाळांच्या प्रयोगात तिसऱ्या महिन्यापासून घन आहार मिळालेली बाळं सहाव्या महिन्यात थोडी जास्त झोपत होती. थोडी म्हणजे रात्रीला सुमारे १७ मिनिटं! जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या म्हणते; तो सल्ला १७ मिनिटांसाठी मोडायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. रात्रीचं पाजणं घाईने तोडण्यातही धोका आहे, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्रीच अधिक असतं. दूध कमी पडतं म्हणून रात्रीचं पाजणं बंद केलं, तर ते खरोखरच कमी पडू लागायचं.

तिसरा उपाय सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घातक. मूल झोपत नसेल तर त्याला झोपवणारं काहीतरी पाजायचं.

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास सांगताना संप, चाळी आणि शाहीर येतात; बाळागोळी सहसा येत नाही. बाळागोळी म्हणजे अफू घातलेली, लहान मुलांना द्यायची गोळी. १९२० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबई सरकारसाठी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. या कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यांच्या अहवालात नोंदलं आहे. या आया निर्दय होत्या का? यंत्रापाशी दहा-अकरा तास उभं राहायचं, घरी मूल धरायला कुणी नाही, रात्री झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी उभं राहण्याचं त्राण नाही. कामाच्या तासांचा आणि मदतीच्या अभावाचा प्रश्न बाळाच्या जिभेवर गोळी ठेवून सोडवला जात होता. त्यावरचं खरं उत्तर औषधांच्या दुकानात नव्हतं. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं की बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्या विश्रांतीचा भार सरकारने व मालकांनी उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

अफू गेली, तरी तिच्यामागचा विचार गेलेला नाही. बाळगुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त उगाळले जातात. जायफळाने गुंगी येते हे खरं, पण त्यातल्या मिरिस्टिसिनची मात्रा जास्त झाली तर छातीत धडधड आणि भ्रमही होतो, आणि सहाणेवर मात्रा मोजायची सोय नाही. गुटी मधात चाटवली तर आणखी भर, कारण मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यांना ते झेपत नाहीत. सुशिक्षित घरांत जायफळाची जागा सर्दीच्या पातळ औषधाने घेतली आहे. प्रवासात दिलं होतं, छान झोपला, मग रोजच थोडं दिलं, असं त्याचं वाढत जातं. २००६ साली अमेरिकेत ६ ते १५ महिन्यांच्या ४४ बाळांवर याच गटातल्या डायफेनहायड्रामिनची चाचणी झाली. औषध मिळालेल्या २२ पैकी एकाची झोप सुधारली, नुसतं गोड पाणी मिळालेल्या २२ पैकी तिघांची. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्याच गटातलं प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेला आहे.

चौथं मत परदेशातून आलेलं आणि पुण्या-ठाण्याच्या नव्या घरांत जोर धरू लागलेलं. रडू द्या, आपोआप शिकेल. त्याचा वंश जुना आहे. एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये बालसंगोपनावरच्या पुस्तकात ते सांगितलं, बॉस्टनच्या रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये त्याला ठरावीक वेळाने जवळ जाण्याचं, थोडं सौम्य रूप दिलं. या पंथाच्या विरोधकांचा आवाजही तितकाच चढा असतो. पाच मिनिटं रडू दिलंत तर बाळाच्या मेंदूवर कायमचा ओरखडा उठेल, असं ते बजावतात. दोन्ही बाजूंना मेलबर्नच्या संशोधकांनी गप्प केलं आहे. सात-आठ महिन्यांच्या ३२६ बाळांपैकी काहींच्या आईवडिलांना अशा सौम्य पद्धती शिकवल्या आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासलं. नुकसान झालं नव्हतं आणि टिकाऊ फायदाही उरला नव्हता. म्हणजे सहा महिन्यांनंतर ज्यांना पटेल त्यांनी करून बघावं. ज्यांना बघवत नाही त्यांचं मूल कशालाही मुकत नाही.

आपल्या घरांत या पद्धतीची अडचण मेंदूची नाहीच, भिंतीची आहे. ती बाळासाठी वेगळी खोली गृहीत धरते. १७ देशांतल्या २९,२८७ मुलांच्या २०१० सालच्या तुलनेत आशियातली बहुतेक मुलं आईवडिलांच्याच खोलीत झोपताना आढळली. त्यात भारतही होता. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बाळ वीस मिनिटं रडलं तर आजोबा उठतात, पहिल्या पाळीला जाणारा दीर उठतो, आणि शेजारणीची खिडकी उघडते. तिथे मूल झोपायला शिकण्याआधी सून बोलणी खायला शिकते.

मग करायचं काय? उठणं टळणार नसेल, तर उठणं वाटून घ्यायचं.

यावर आजी म्हणतात, "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं. आमची मुलं झोपायची." त्यांची मुलंही उठत होती, उठणारे हात जास्त होते. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना तरी बाळंतिणीला चुलीपासून दूर ठेवायचं, पहाटेचं पाजून झालं की आजीने बाळ उचलून न्यायचं आणि आईला सात-आठपर्यंत झोपू द्यायचं. शेक-शेगडी आणि धुरी यांतली धुरी बाळाच्या फुप्फुसांना वाईटच, ती गेली ते बरं झालं. पण त्या व्यवस्थेतला पहाटेचा तास मात्र राखण्यासारखा होता. नव्या घरांत नेमका तोच गेला, आणि त्याची जागा बाबांनी घेतली नाही.

घेतली नाही, हे आकड्यांत दिसतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रियांची दिवसाला १४० मिनिटं, पुरुषांची ७४. जर्मनीतल्या २०१९ च्या अभ्यासात बाळ झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप रात्रीला तासाभराने घटली, बापाची पाव तासाने.

"त्याला सकाळी ऑफिस असतं," हे उत्तर तयारच असतं. तिलाही असतं. आणि ती घरी असली तरी तिला दिवसभर गॅस, गरम पाणी आणि रांगणारं मूल सांभाळायचं असतं. अर्धवट झोपेत यांतलं कोणतं काम सुरक्षित आहे? "दूध तर आईच पाजणार ना?" हेही अर्धंच खरं. बाळ उचलून आणणं, लंगोट बदलणं, ढेकर काढणं, थोपटून पुन्हा निजवणं ही चारही कामं बापाला येतात. सर्वांत उपयोगी वाटणी साधी असते. रात्री नऊ ते एक आई झोपेल, त्या वेळात बाप किंवा आजी बाळाकडे बघतील, लागलं तर काढून ठेवलेलं दूध पाजतील. एकनंतर आईची पाळी. अगदी पहिल्या आठवड्यांत दूध नीट उतरेपर्यंत हे जमणार नाही, नंतर जमतं. चार तास सलग झोपलेली बाई आणि चार तास तुकड्यातुकड्यांत झोपलेली बाई यांच्यातला फरक घरात सगळ्यांना दुसऱ्या दिवशी दिसतो. आजोबा पहाटे पाचला उठून पेपरची वाट बघत बसत असतील, तर पेपर येईपर्यंत नातू त्यांच्या मांडीवर द्यायला काहीच हरकत नाही.

बाकीच्या युक्त्यांचा गुण बेताचा. सकाळी उठवायची वेळ एकच ठेवावी, दिवसा उजेड, रात्री अंधार. आठच्या मालिकेच्या आवाजात बाळाला निजवायची धडपड करू नये. तेल लावणं, अंघोळ, अंगाई असा ठरलेला क्रम रोज पाळला तर रात्रीचं उठणं कमी होतं, असं २००९ साली ४०५ आयांच्या अभ्यासात दिसलं. त्या अभ्यासाला पैसे बाळांची उत्पादनं विकणाऱ्या कंपनीचे होते, पण अंगाईला कंपनी लागत नाही. झोपेतच कण्हणाऱ्या बाळाला लगेच उचलू नये, मिनिटभर थांबावं. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप अशी चाळवलेलीच असते. बाळाला उताणं, घट्ट गादीवर, आईजवळ पण वेगळ्या अंथरुणात निजवावं. राईची उशी नको. दमलेल्या माणसाने बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी घेणं सर्वांत धोक्याचं.

'सवय लागलीय' या शिक्क्याखाली कधीकधी आजारही दडतो. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, कान ओढून रडत असेल, शीच्या जागी खाजवत असेल तर डॉक्टरकडे न्यावं; जंत रात्रीच अंडी घालायला बाहेर येतात, तेव्हा आजीचा जंतांचा संशय दर वेळी खोटा नसतो. लोहाच्या कमतरतेनेही झोप अस्वस्थ होते, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. त्यांच्यासाठी लोहाचं पातळ औषध अंगणवाडी आणि आशाताईंमार्फत सरकारच देतं.

राहिली आई. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचे भारतातले अभ्यास एकत्र केले, तेव्हा साधारण पाचातल्या एका आईत ते आढळलं. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर 'थोडी दमलीय' म्हणून घरच्यांनी दुर्लक्ष करू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि रात्री तीन वाजताही तो उचलला जातो.