खर्रा सुटत नाही, यात दोष कोणाचा?

"मन घट्ट नाही जी माझं, डॉक्टरसाहेब." खर्रा सोडा म्हटलं की खापा-सावनेर भागातले रुग्ण बहुतेक हेच सांगतात. नाहीतर म्हणतात, "बाप खायचा, आजा खायचा. रक्तातच आहे." पहिल्या उत्तरात सगळा दोष स्वतःचा, दुसऱ्यात कोणाचाच नाही. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. शिवाय दोन्हींमुळे खर्रा चालूच राहतो.

माणूस घडतो तो जन्माने की संगतीने, हा मानसशास्त्रातला जुना वाद आहे. इंग्लंडच्या गाल्टनने एकोणिसाव्या शतकात आनुवंशिकतेवर भर दिला. पुढे अमेरिकेच्या वॉटसनने उलट टोक गाठलं: निरोगी मूल द्या, हवं तसं घडवून दाखवतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आज एवढं कळतं की व्यसन जडण्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. पण रक्तातून येतो तो धोका. खर्रा येतो पानठेल्यावरून.

परिस्थितीची ताकद केवढी असते, हे व्हिएतनाम युद्धात दिसलं. तिथे अनेक अमेरिकी सैनिकांना हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते शंभरातले जेमतेम पाच. माणसं तीच होती. जागा, सोबत आणि रोजचा दिनक्रम बदलला होता.

मग माणसाची जबाबदारी काहीच नाही? आहे. पण ती तलफ आल्यावर दात-ओठ खाऊन बसण्याची नाही, तर तलफ येण्याआधी तयारी करण्याची आहे. निकोटिन सोडल्यावर चिडचिड होते, झोप लागत नाही. पहिले काही दिवस जास्त कठीण असतात, मग दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. तेवढे दिवस खिशात पन्नी नको, कामावर जायचा रस्ता पानठेल्यावरून नको, आणि मित्रांना आधीच सांगून ठेवा. घरच्यांनीही टोमणे मारू नयेत. "तुझ्याच्यानं होणार नाही" हे दहादा ऐकलेला माणूस अकराव्यांदा प्रयत्नच करत नाही.

आणि घरात वडील खर्रा खाणारे असतील, तर मुलाला धोका जास्त, म्हणून काळजीही जास्त घ्यायची. मुलाला खर्रा आणायला पाठवणं आजच बंद करा.

वेळ महत्त्वाची आहे. खर्ऱ्यातली सुपारी तोंडातली त्वचा कडक करते. तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. हा बदल पूर्ण मागे फिरत नाही आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. आरशासमोर उभे राहा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर लगेच डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवा. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. नसेलही. पण खर्रा हा स्वभाव नव्हे, सवय आहे. आणि सवयीला औषध आहे.